काथ्याने बांधलेली गॅलरी

गॅलरी डावीकडे कलली तेव्हा माझी नात प्राची तिच्या खाली होती. मी वर बसले होते. फळ्यांच्या फटीतून मला तिचा पिवळा शर्ट दिसत होता. समोर मैदानात गोल झाला, म्हणून सगळे एकदम उभे राहिले. मी बसूनच होते, कारण माझं लक्ष मैदानात नव्हतंच. आधी एक आवाज आला, चिखलात म्हशीचा पाय रुतावा तसा. मग आमच्या खालची फळी सरकली. शेजारी माझी नणंद कुसुम होती. तिने माझा दंड धरला आणि "वहिनी" एवढंच म्हणाली. संघाची कोच नफीसा रेषेजवळ उभी होती. ती शिटी टाकून थेट गॅलरीखाली धावली. तेवढं मी पाहिलं. नंतर मला आभाळ दिसलं आणि अंगावर येणारा लोखंडी पाइप दिसला.

हे भोपाळमध्ये झालं. मी हिंगणघाटची बाई तिथे फुटबॉल पाहायला का गेले होते, ते आता सांगते.

प्राची एकोणीस वर्षांची आहे आणि गोलकीपर आहे. कॉलेजकडून खेळायला गेली आणि भोपाळच्या एका मुलींच्या क्लबने तिला ठेवून घेतलं. इकडे वर्ध्याला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. ती फोनवर म्हणाली, नर्सिंग नको, आमचा संघ देशाच्या लीगमध्ये जाणार आहे. माझा मुलगा मला म्हणाला, "आई, तू जाऊन बघ. तुला कोणी फसवू शकत नाही."

त्यात तथ्य आहे. मी चाळीस वर्षं दूध विकलं. पाणी घालणारा माणूस कसा बोलतो, ते मला ठाऊक आहे. तो आधी म्हशीचं कौतुक करतो. शाळा माझी चौथीपर्यंत झाली, पण कोणी माझ्यासमोर मोठमोठे शब्द वापरू लागलं की मी त्याच्या हाताकडे बघते.

बरखेडा

कुसुम भोपाळच्या बरखेडा भागात राहते. तिचे मालक वसंतराव तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर होते. आता निवृत्त आहेत, पण घर तिथेच जवळ घेतलं. झाडं पुष्कळ, रस्ते रुंद, क्वार्टर एकासारखं एक. आमच्या गावात माणूस घराच्या रंगावरून सापडतो. इथे भिंतीवरचा आकडा वाचावा लागतो.

सकाळी कुसुमने पोह्यांबरोबर जिलेबी दिली. पोह्यांवर शेव, डाळिंबाचे दाणे, बडीशेपेचा वास. वर ओतायची तिखट तर्री नाही.

"हे तू गोड काऊन केलं?"

"वहिनी, इथे असंच खातात न. खाऊन तर पहा, ठंडे होऊन जातील."

मी जिलेबी बाजूला ठेवली. नंतर खाल्ली, वाया कशाला घालवायची.

वसंतराव खुशीत होते. गणपतीच्या मंडळाचं सगळं काम तेच पाहतात. नागपूर, अमरावती, वर्धा इकडून नोकरीला गेलेल्या लोकांचं ते मंडळ. मांडवाचे पाइप, फळ्या, कनाती सगळं मंडळाच्या मालकीचं. क्लबला त्यातलं सामान मिळवून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं.

"कशाला पाहिजे सामान?" मी विचारलं.

"बसायची जागा दाखवायला. तपासणीचा साहेब येतोय, वहिनी. नुसतं जिंकून वर जाता येत नाही."

मी म्हटलं, मला हे पहिल्यापासून सांगा. वर म्हणजे कुठे, आणि तिथे कोण बसलंय.

त्यांनी कारखान्याचा दाखला दिला. सगळ्यांत खाली जिल्ह्यातले क्लब. त्यांच्यावर राज्याची लीग. राज्यात जो पहिला येतो त्याचं नाव राज्याची संघटना पुढे पाठवते. पुढे देशाची दुसरी लीग, आणि तिच्याही वर देशाची पहिली. "म्हणजे हेल्पर, मग फिटर, मग फोरमन," ते म्हणाले. "काम चांगलं केलं की बढती."

"आणि वाईट केलं तर?"

"तर काय, तिथेच राहायचं."

तिथे मला शंका आली. गावात एक माणूस साखळी योजना घेऊन आला होता. त्यानेही कागदावर असाच त्रिकोण काढला होता, खाली पुष्कळ लोक आणि वर एक. त्या त्रिकोणात प्रत्येक जण वरच जाणार होता. शेवटी तो माणूसच पैसे घेऊन गेला.

मैदान

मैदान बरखेड्याच्या कडेला, गोविंदपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. मागे लहान कारखान्यांच्या शेडा. लोखंड कापल्याचा आवाज दिवसभर चालू. गवत मधे मधे, बाकी काळी माती, आपल्याकडच्यासारखीच. मार्च होता, त्यामुळे धूळ उडत होती. प्राची धावत आली, घामाने ओली, मला मिठी मारली. मी तिला आधी विचारलं, जेवण काय देतात. ती म्हणाली, अंडी, डाळ, भात, पोळी. बारीक झाली नव्हती, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला.

नफीसा पन्नाशीची असेल. केस बारीक कापलेले, आवाज बसलेला. स्वतः खेळलेली बाई. तिने मला खुर्ची दिली आणि काचेच्या ग्लासात चहा मागवला. पहिला घोट घेतला आणि मी ग्लास खाली ठेवला.

"ह्यात मीठ पडलंय."

"पडा नहीं है अम्मा, डाला है," ती म्हणाली. "भोपाल की नमकवाली चाय है."

चहावाला हसला. "को खां, अम्मा बाहर की हैं क्या?" असं त्याने भोपाळी बोलीत दुसऱ्याला विचारलं. मी तो चहा संपवला. वाईट नव्हता. पण पाहुण्याला न सांगता मीठ घालणारी बाई आणखी काय काय न सांगता करत असेल, असं मनात आलंच.

मी तिला सरळ विचारलं. "तुमच्या त्या शिडीवरून खाली कोण येतं?"

"मतलब?"

"वर जातात ते मला सगळ्यांनी सांगितलं. खाली कोणाला उतरवतात ते सांगा. कोणीच उतरत नसेल तर मी पोरीला आज घरी घेऊन जाते."

"हम उतरे हैं," नफीसा म्हणाली. "दूसरी लीग में थे. वहाँ आख़िर में रहे, तो वापस स्टेट में. आधी लड़कियाँ छोड़ गईं. जो हमें पैसा देता था वो भी."

"हे तुम्ही पोरींच्या आईबापांना सांगता?"

"पूछता कौन है? सब ऊपर का पूछते हैं."

पाणी घालणारा माणूस आपलं दूध नासलं होतं असं कधी सांगत नाही. तरी मी लगेच मानलं नाही. प्राचीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "हो आजी, उतरलो होतो. मी यायच्या आधी. म्हणून तर माझ्यासाठी जागा झाली."

मग नफीसाने बाकीचं सांगितलं. प्रत्येक पातळीवर साखळी सामने होतात. जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. शेवटी वरचे एक-दोन संघ चढतात, तळाचे उतरतात. एका सामन्यात नशीब चालतं, वर्षभर चालत नाही, म्हणून लीग. पण चढायला लायसन लागतं. मैदान कसं आहे, शिकलेला कोच आहे का, डॉक्टर आणि गाडी उभी असते का, लहान मुलींचा संघ आहे का, माणसं बसायची सोय आहे का, हे सगळं पाहतात. पहिली आलेली टीम ह्यात नापास झाली तर संघटना दुसरीचं नाव पाठवते.

"म्हणजे तिथे देणंघेणं चालत असणार."

"चलता होगा कहीं. मेरे पास देने को कुछ है नहीं," ती म्हणाली.

मी पुरुषांचं विचारलं. ती म्हणाली, त्यांच्या पायऱ्या जास्त आहेत, आणि सगळ्यांत वरच्या लीगमधून तर कितीतरी वर्षं कोणी खालीच आलं नाही. मोठ्या पैशांचे मालक आहेत, खाली यायला कोण तयार होणार.

"मग ती लीग कसली. ती मोठ्या लोकांची पंगत झाली. एकदा बसले की उठायचं नाही."

नफीसा पहिल्यांदा हसली.

जवाहर चौक

दुसऱ्या दिवशी प्राचीला गोलकीपरचे हातमोजे घ्यायचे होते, म्हणून आम्ही जवाहर चौकात गेलो. ऑटोवाला तलावाकडून नेतो म्हणाला, रस्ता छान आहे. छान होता. तलाव एवढा मोठा की पलीकडचा काठ धूसर दिसतो. भाडंही तसंच मोठं झालं. मी त्याला तलावाचं भाडं तलावाकडून घे म्हणून सांगितलं. तो बडबडत निघून गेला.

दुकानदाराने हातमोजे दाखवले. मी तळव्याची पट्टी नखाने ओढली. निघाली. त्याने दुसरे काढले. तेही निघाले. तिसरे त्याने काउंटरखालून काढले, ते टिकले.

"आजी, पुरे," प्राची म्हणाली. "ते मला ओळखतात."

"म्हणूनच वरचे दाखवत होता."

परत येताना तिने मला सांगितलं की ती संघाची दुसरी गोलकीपर आहे. पहिली मोठी आहे, मणिपूरची. प्राची बाकावर बसते. हे तिने घरी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे तू नर्सिंग सोडून बसून राहणार."

"वरच्या लीगमध्ये सामने जास्त असतात. तिथे दोघींना खेळवतात. वर गेलो तर मला संधी आहे. नाही गेलो तर मी स्वतः नर्सिंगला येईन. पण शेवटच्या सामन्यापर्यंत थांब."

नर्सिंगची फी भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मी मुलाला फोन केला आणि म्हटलं, फी भरू नको, थांब. तो म्हणाला, तुला पटलं का? मी म्हटलं, बाई खोटं बोलत नाही. बाकीचं अजून पाहायचं आहे.

सामन्याच्या आदल्या दिवशी

शेवटचा सामना जिंकला की राज्यात पहिलं येणार होतो. तपासणीचे साहेब त्याच दिवशी येणार होते. वसंतराव आणि मंडळाचे चार-पाच जण सकाळपासून गॅलरी बांधत होते. तेच गणपतीचे पाइप, त्याच फळ्या, पण दरवर्षी त्यांचा सपाट स्टेज होतो, ह्या वेळी पायऱ्या करायच्या होत्या. पाइप एकमेकांना धरून ठेवणारे लोखंडी क्लॅम्प मंडळाच्या खोलीत होते. खोलीची किल्ली एका सभासदाकडे, आणि ते लग्नाला नागपूरला गेलेले. वसंतरावांनी काथ्याचा दोर आणला.

नफीसा तिथे आली. "क्लॅम्प कहाँ हैं, भाईसाहब?"

"मॅडम, बीस साल से रस्सी से बाँध रहा हूँ. हाथी खड़ा कर दो."

"वो सीधा स्टेज होता है. ये तो चढ़ाई है."

"आप लड़कियाँ देखो, ये मैं देखता हूँ."

मी जवळच बसले होते. मला तिचाच राग आला. आपल्या माणसाने फुकट राबायचं आणि हिने वर बोट दाखवायचं. वसंतरावांचा दोर मी पाहिला, गाठी घट्ट होत्या. संध्याकाळी टँकर आला. नफीसाने मैदानात पाणी मारायला सांगितलं आणि मुलींना घेऊन गेली. टँकरमध्ये पाणी उरलं. वसंतराव म्हणाले, गॅलरीच्या आजूबाजूलाही मारा, साहेबांच्या कपड्यांवर धूळ नको. टँकरवाल्याने भरपूर मारलं. पाइपांखाली विटा ठेवल्या होत्या, त्या विटांखालची माती चिंब झाली. आम्ही सगळे काळ्या मातीत जन्मलेले. पावसाळ्यात बैलगाडी कशी बसते ते प्रत्येकाने पाहिलेलं. त्या संध्याकाळी कोणालाही ते आठवलं नाही. कुसुम म्हणाली, मातीचा वास किती बढिया येतोय.

मला त्या प्रवासात ऑटोवाल्याचा संशय आला, दुकानदाराचा आला, नफीसाचा तर रोज आला. घरच्या माणसाच्या हाताखालून गेलेल्या वस्तूकडे मी नीट पाहिलं नाही.

सामना

साहेब वेळेवर आले. त्यांना वरच्या पायरीवर पांढऱ्या कापडाची खुर्ची दिली. शेजारी मंडळाच्या बायका, कुसुम, मी. साहेबांनी पाण्याची बाटलीसुद्धा घेतली नाही, स्वतःची आणली होती. ते मला आवडलं. अर्ध्या वेळेपर्यंत गोल नाही. ऊन चढलं. राखीव मुलींचा बाक उघड्यावर होता, म्हणून त्या एकेक करून गॅलरीखाली सावलीत सरकल्या. नफीसाने दोनदा ओरडून बाहेर बोलावलं. त्या यायच्या आणि पुन्हा आत जायच्या. वसंतराव मागच्या बाजूला होते. एक दोर सैल वाटला म्हणून तो आवळायला गेले होते, हे नंतर कळलं.

मग तो गोल झाला. खालच्या मुली ओरडत बाहेर धावल्या. प्राचीने एक बूट काढून ठेवला होता, तो घालायला ती थांबली. वर सगळे उभे राहिले.

गॅलरी पडायला फार वेळ लागला नाही. पाइप माझ्या खांद्याला घासून गेला. मी फळीवरून घसरत मातीत आले, ओल्या मातीत, त्यामुळे हाड मोडलं नाही. कुसुम माझ्या अंगावर. साहेब खुर्चीसकट बाजूला पडले, कपाळ फुटलं. मी प्राचीला हाक मारत होते असं म्हणतात. मला ते आठवत नाही. मला आठवतं ते असं की फळ्यांच्या ढिगातून नफीसा उलटी सरपटत बाहेर येत होती आणि तिच्या मुठीत पिवळी कॉलर होती. कॉलरमागे प्राची. तिचं डावं मनगट भलत्या बाजूला वळलेलं.

दवाखान्याची गाडी तिथेच उभी होती. लायसनसाठी ठेवावी लागते म्हणून होती. वसंतराव मागे आहेत हे कुसुमच्या ध्यानात आलं. लोकांनी पाइप उचलले. ते शुद्धीवर होते. "विटा बसल्या," ते म्हणाले. कुसुम त्यांच्याबरोबर गाडीत बसली.

दवाखाना

रात्री पोलीस जबाब घ्यायला आला. त्याच्या आधी मंडळाचे लोक येऊन गेले होते. ते व्हरांड्यात बोलत होते की मॅडमने घाई केली, मॅडमने सामान नेलं, मंडळाचा ह्याच्याशी संबंध नाही. नफीसा बाकाच्या टोकाला बसली होती. दोन्ही कोपरं सोललेली, कोणी तिच्याशी बोलत नव्हतं.

कुसुम माझ्याजवळ आली. "वहिनी, तुम्ही काय सांगणार आहात?"

"पाहिलं ते."

"ते आत पडलेले आहेत. त्यांच्यावर कशाला येऊ देता?"

"मग त्या बाईवर कशाला येऊ देऊ?"

"ती कोण लागते तुमची?"

"कोणी नाही."

कुसुमने तोंड फिरवलं. मी पोलिसाला सांगितलं. क्लॅम्प खोलीत राहिले. दोर आमच्या माणसाने बांधला. मॅडमने विचारलं होतं, तिला गप्प केलं. पाणी पाइपांपाशी आमच्या माणसाने मारायला लावलं. मुलींना तिने दोनदा बाहेर बोलावलं. मंडळातला एक जण म्हणाला, अम्मा घाबरली आहे, काहीही बोलते. मी पोलिसाला म्हटलं, हे लिहून घेतलं ते मला वाचून दाखव. त्याने वाचलं. एक वाक्य सोडलं होतं, ते मी लिहायला लावलं आणि मग सही केली.

आत डॉक्टरांनी प्राचीचं मनगट बसवलं. ती मला म्हणाली, "सामना पुन्हा खेळवतील का?"

सामना दुसऱ्या मैदानावर पुन्हा झाला. आमच्या क्लबने तो जिंकला आणि राज्यात पहिला आला. कपाळाला पट्टी असलेल्या त्या साहेबांनी अहवाल दिला आणि लायसन नाकारलं. मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. दुसऱ्या नंबरच्या क्लबचं नाव वर गेलं. पहिली गोलकीपर त्या क्लबमध्ये निघून गेली. नफीसा म्हणाली, जाने दो, यही होता है.

नर्सिंगची मुदत तोवर संपली होती. मुलाने फोनवर विचारलं, आता काय. मी म्हटलं, जे आहे ते खरं आहे. चढतात, उतरतात, आणि चढताना अडवतात. नफीसाच्या हाताखाली पोरगी ठेवायला माझी हरकत नाही. कुसुमच्या घरी ठेवायचा विचार होता, तो मात्र आता जमणार नाही. प्राची आता चार मुलींबरोबर खोली घेऊन राहते. मनगटावर अजून पट्टा बांधते, पण क्लबची पहिली गोलकीपर तीच आहे, राज्याच्या लीगमध्ये.

कुसुम मला स्टेशनवर सोडायला आली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही आले नसते.

त्या दिवशी गॅलरीवर आणि गॅलरीखाली जे होते त्यांत प्राची वाचली, नफीसा वाचली, तपासणीचे साहेब वाचले, मंडळाच्या बायका वाचल्या, कुसुम आणि मी वाचलो. वसंतराव दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.